आजोबांच्या जीपचा कार्ब्युरेटर मुळात कुठल्या रंगाचा?

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या काळातली पेट्रोल जीप आहे. वीसेक वर्षं ती धानाच्या कोठाराशेजारी छपरीत उभी होती. यंदा मळणी आटोपल्यावर ती चालू करायला घेतली. कार्ब्युरेटर काढला, तर तो एका रंगाचा नाही. वरचा भाग पिवळसर, मधला करडा आणि खालचा जाड भाग काळा. मिस्त्री म्हणतात, बफिंग करून चांदीसारखा करून देतो. नागपूरचे एक स्नेही म्हणतात, हे मुळात सोनेरीच असतात, सोनेरी स्प्रे मारा. मूळ रंग कोणता आणि तो ओळखायचा कसा? झाकणाच्या एका स्क्रूखाली पितळेची तिकोनी पट्टी आहे, ती ठेवायची की काढून टाकायची? आणि या जीपला जुन्या गाड्यांचा तो खास नंबर मिळेल का?
— एक वाचक, गोरेगाव (जि. गोंदिया)

उत्तर : आधी ती तिकोनी पट्टी सांभाळा. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं अर्धं उत्तर तिच्यावर छापलेलं आहे आणि उरलेलं अर्धं तिच्याखाली झाकलेलं आहे. मिस्त्रींना सांगा, अजून काही करू नका. स्नेह्यांनाही सांगा, स्प्रेचा डबा आणू नका.

तुम्ही लिहिलेले तिन्ही रंग खरे असण्याची शक्यता मोठी आहे. कार्ब्युरेटरला एकच रंग असतो, ही समजूतच घोटाळा करते. तुमच्या हातातल्या वस्तूचे आडवे तीन भाग पडतात. वरचं झाकण, जिथून हवा आत शिरते. मधली वाटी, जिच्यात पेट्रोल साठतं आणि फ्लोट तरंगतो. आणि खालचा थ्रॉटलचा भाग, जो मॅनिफोल्डवर बसतो. जुन्या जीपवरच्या कार्टर कार्ब्युरेटरमध्ये वरचे दोन भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि खालचा बिडाचा, म्हणजे ज्या बिडाचा आपल्या घरचा तवा असतो त्याचा. चुंबक लावून बघा. खाली चटकन चिकटेल, वर चिकटणार नाही. खालीही चिकटला नाही, तर तो भाग बिडाचा नाही आणि काळा रंग कशाचा हे वेगळं शोधावं लागेल.

खाली बीड का, याला कारण आहे. त्या जागी मॅनिफोल्डची धग लागते, नट आवळताना ताण येतो आणि थ्रॉटलचा दांडा रोज हजारदा त्याच भोकात फिरतो. जस्त तिथं टिकलं नसतं. पण बीड उघडं ठेवलं तर पहिल्याच पावसात तांबूस होतं, म्हणून त्याला काळा लेप देत. जस्ताचं दुखणं वेगळं. ते गंजत नाही, त्यावर पांढरी भुकटी धरते. म्हणून 1930 च्या दशकात अमेरिकेत जस्ताच्या वस्तू डायक्रोमेट आणि गंधकाम्लाच्या द्रावणात काही सेकंद बुडवून काढण्याची पद्धत रूढ झाली. त्यातून धातूच्या अंगावरच एक अतिपातळ पिवळा पापुद्रा तयार होतो. तुमचे नागपूरचे स्नेही ज्याला सोनेरी म्हणतात, तो हा. हा रंग वरून लावलेला नसतो, जस्ताच्या पृष्ठभागाशी रसायन मिळून तो उमटतो. म्हणूनच स्प्रेच्या सोनेरी रंगाशी त्याचं काही नातं नाही.

यावरून एक हिशेब मांडता येतो. 1930 च्या आधीच्या गाडीचा कार्ब्युरेटर कोणी सोनेरी चमकवून दाखवला, तर ती चमक आजची आहे. त्या काळातल्या कितीतरी कार्ब्युरेटरांचा सांगाडा पितळेचा किंवा काशाचा असे आणि तो ओतल्यावर जसा दिसे तसाच, कुठलाही लेप न देता गाडीवर चढे. प्रदर्शनांत ही पितळी कामं समईसारखी लखलखीत असतात. ती लखलख मालकाची हौस आहे. कारखान्यातून ती तशी निघत नसत. तुमच्या भागात हे जास्त समजावून सांगायला नको. 1999 साली गोंदिया वेगळा होईपर्यंत तुम्ही भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. ओतीव पितळ आणि घासून उजळलेलं पितळ यांतला फरक तिथल्या जुन्या कारागिरांना बोट फिरवून कळतो. त्यांच्यापैकी कोणी ओळखीचं असेल, तर तुमच्या कार्ब्युरेटरमधले जेट त्यांना दाखवा. जेट पितळेचेच असतात आणि त्यांना कधीच कसला मुलामा नसे. मात्र त्यांना चिंच आणि पितांबरी लावू नका. जेटच्या भोकाचं माप केसाएवढ्या फरकानं ठरलेलं असतं. घासून ते मोठं झालं तर गाडी पेट्रोल पिऊ लागते.

आता तुमचा वरचा भाग पिवळसर आणि मधला करडा का, ते पाहू. इथं दोन शक्यता आहेत आणि दोन्ही तपासून पाहाव्या लागतील.

पहिली शक्यता अशी, की दोन्ही भाग मुळात पिवळेच होते. हा पापुद्रा उष्णतेला हळवा असतो. साठ-सत्तर अंशांच्या वर तापत राहिला, की त्यातला ओलावा निघून जातो, त्याला बारीक तडे जातात आणि रंग विरतो. बॉनेटखाली कार्ब्युरेटरचा खालचा अर्धा भाग मॅनिफोल्डजवळ तापत असतो, वरच्या झाकणातून थंड हवा वाहत असते. तेव्हा वर पिवळा टिकणं आणि खाली करडा पडणं अगदी स्वाभाविक आहे.

दुसरी शक्यता मी जास्त वेळा पाहिली आहे. तो पिवळेपणा कुठल्याच लेपाचा नसतो, वाळलेल्या पेट्रोलचा असतो. पेट्रोल वर्षानुवर्षं उभं राहिलं की उडून जातं आणि मागे मधासारखा चिकट डिंक राहतो. तो सुकला की त्याचा पिवळट-तांबूस काच चढावी तसा थर होतो. वीस वर्षं छपरीत उभ्या असलेल्या जीपमध्ये हा थर नसेल तरच नवल. लांबून तो हुबेहूब डायक्रोमेटसारखा दिसतो, आणि जाणती माणसंही त्याला फसतात.

फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, नेलपॉलिश पुसायचं अ‍ॅसिटोनही चालेल, आणि नजरेआड असलेल्या एका कोपऱ्यात हलक्या हातानं दहाबारा वेळा फिरवा. बोळा तपकिरी झाला आणि खालून करडा धातू उघडा पडला, तर तो डिंक होता. बोळा मळका झाला पण धातूचा पिवळेपणा जागचा हलला नाही, तर तो मूळ पापुद्रा. सोनेरी कण बोळ्यावर उतरले, तर तुमच्या आधी कोणीतरी स्प्रे मारून गेलं आहे. हे काम अंगणात करा. चूल, विडी, विजेची ठिणगी काहीही जवळ नको.

मूळ पापुद्रा ओळखण्याची आणखी एक खूण आहे. कार्ब्युरेटर सकाळच्या उन्हात धरा आणि सावकाश फिरवा. खरा डायक्रोमेट एकच पिवळा दिसत नाही. पावसाळ्यात डबक्यावर तेलाचा तवंग पसरतो, तशी गुलाबी-हिरवी झाक त्यात सरकत जाते. आणि तो इतका पातळ असतो की ओतकामातली अक्षरं, कडा, साच्याच्या जोडाची रेघ यांतलं काहीही बुजत नाही. रंग मारलेल्या कार्ब्युरेटरवर अक्षरांच्या खोबणीत रंग साचलेला दिसतो.

आता त्या पट्टीखाली पाहा. पाच-सहा वर्षांपूर्वी अशाच एका जीपचा कार्टर माझ्या टेबलावर आला होता. बाहेरून सगळा मातकट करडा. कुठंही पिवळ्याचा मागमूस नव्हता आणि मी हा मुळातच उघडा जस्ताचा असावा असं मनाशी ठरवून टाकलं होतं. वर्तमानपत्र पसरून झाकणाचा स्क्रू सोडवला, पितळेची पट्टी नखानं अलगद उचलली. तिच्याखाली तिच्याच आकाराचा, बोटाच्या पेराएवढा तिकोन होता. स्वच्छ पिवळा, कडेला किंचित हिरवट. साठ वर्षं त्या एवढ्याशा जागेला ना ऊन लागलं होतं, ना धग, ना पेट्रोल. स्क्रूच्या डोक्याखालची गोल जागाही तशीच निघाली. माझं मत तिथंच बदललं.

म्हणून मूळ रंग शोधायचा तो झाकलेल्या जागी. पट्टीखाली, स्क्रूच्या डोक्याखाली, गॅस्केटच्या कडेला, दांड्याच्या मागच्या बाजूला, आट्यांच्या भोकांत. आट्यांची भोकं तर फार बोलकी असतात. कारखान्यात भाग आधी कापून, भोकं पाडून तयार होत आणि मग द्रावणात बुडवले जात, त्यामुळे द्रावण भोकांत, आट्यांत, आतल्या वाटांत सगळीकडे पोचे. बॅटरी लावून आत पाहा. आट्यांत पिवळा असेल तर तो बुडवलेला. बाहेर पिवळा आणि आट्यांत करडा असेल तर तो नंतर फवारलेला. ही एक गोष्ट पाहिली तर शंभरातले नव्वद वाद मिटतात.

खालच्या बिडाच्या भागाचंही असंच. तिथला काळा रंग तेल-धुरळ्याचा राप असू शकतो. रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन थोडी जागा धुवा. राप जातो, मूळ काळा लेप राहतो. तो चकचकीत नसतो, तव्यासारखा मंद असतो. स्प्रेनं दिलेला चमकदार काळा रंग हीसुद्धा हौसच.

लिंका, स्क्रू, चोकची दांडी, स्प्रिंग हे पोलादी भाग मात्र जपून हाताळा. त्यांना जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असे. जस्ताच्या मुलाम्यात निळसर थंड चमक असते. कॅडमियम दुधाळ, मऊ, जरासं पिवळट दिसतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅडमियम खूप वापरलं जाई. ते विषारी आहे. त्याची भुकटी आणि धूर फुफ्फुसांत आणि मूत्रपिंडांत बसतात. म्हणून जुन्या लिंका पॉलिश पेपरनं घासू नका आणि जाम झालेला स्क्रू सोडवायला गॅसची ज्योत मारू नका. मिस्त्रींनाही हे सांगा, कारण दिवसभर त्या धुळीत त्यांनाच बसायचं असतं. रॉकेल लावा, तेलात दोन दिवस बुडवून ठेवा, स्क्रू सुटतो.

पट्टीवरचा आकडा वाचायचा कसा, तेही सांगतो. कार्टर कंपनी अमेरिकेतल्या सेंट लुईसची. 539 असेल तर तो दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा. युद्ध संपल्यावर लष्करानं काढलेल्या डिस्पोजलच्या जीपा भारतभर विकल्या गेल्या, त्यामुळे असा आकडा विदर्भात निघाला तरी आश्चर्य मानू नका. 636 असेल तर युद्धानंतरच्या नागरी जीपचा. 938 असेल तर उंच बॉनेटच्या सीजे-3बीचा, म्हणजे आपल्याकडे महिंद्रांची जीप म्हणून जी ओळखली जाते तिचा. महिंद्रांनी माझगावला जीप जुळवायला सुरुवात केली ती 1940 च्या दशकाच्या अखेरीस. आकड्याशेजारी एक अक्षर आणि एक अंक दिसला तर अक्षर महिन्याचं आणि अंक वर्षाचा शेवटचा. ए म्हणजे जानेवारी आणि पुढं क्रमानं, फक्त आय हे अक्षर गाळलेलं. जीपच्या कागदांवरच्या वर्षाशी हा अंक जुळला, तर तुमच्याकडे जीपचा स्वतःचा कार्ब्युरेटर आहे. जुळला नाही तर कधीतरी बदललेला. दोन्हींत काही वाईट नाही, पण माहीत असावं.

बदललेला असण्याची शक्यता आपल्याकडे मोठी असते. जीप साठ-सत्तर वर्षं जंगलात, बांधावर, ठेकेदाराच्या कामावर राबलेली. पार्ट मिळेल तिथून आणून बसवलेला. अनेक पेट्रोल जीपांवर आज सोलेक्स दिसतो. तुमचाही तसाच निघाला, म्हणजे अंगावरच सोलेक्सचं नाव ओतलेलं आढळलं, तर त्याच्यावर कार्टरचे रंग चढवू नका. सोलेक्सचा मूळ रंग सोलेक्सच्याच झाकलेल्या जागी शोधा. हीच गोष्ट अँबेसेडरवाल्या वाचकांसाठी. जुन्या अँबेसेडरवरच्या एसयू कार्ब्युरेटरचा घुमट अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो आरशासारखा घासायची फॅशन आहे. साध्या प्रवासी गाडीला कारखान्यातून तसा आरसा नसे. अ‍ॅल्युमिनियमला सोनेरी फासणं तर अगदीच चूक.

आता काय करायचं. माझं मत स्पष्ट आहे. बफिंग नको. चाकावर धरलेल्या ओतीव जस्ताची कातडी निघून जाते, अक्षरं पुसट होतात आणि तो कार्ब्युरेटर पुन्हा कधी मूळ होऊ शकत नाही. मण्यांचा किंवा वाळूचा मारा नको, त्यानं पृष्ठभागाचा पोतच बदलतो आणि बारीक वाटांत कण अडकतात. आणि कॉस्टिक सोडा तर नकोच नको. इंजिनाचं बीड उकळायला गॅरेजात कॉस्टिकची टाकी असते. बीड तिच्यातून साफ निघतं, पण जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम तिच्यात विरघळतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक सुंदर कार्ब्युरेटर मी स्वतः त्या टाकीत टाकला. अर्ध्या तासानं काढला तेव्हा तो काळवंडलेला, खडबडीत आणि फ्लोटच्या वाटीत आरपार भोक पडलेला होता. ज्यांची ती गाडी होती त्यांना मी तो परत देऊ शकलो नाही. ती खंत अजून आहे, म्हणून एवढं कळकळीनं लिहितो.

धुण्याआधी चारी बाजूंनी दिवसाच्या उजेडात फोटो काढा. मग पट्टी सोडवा, तिच्याखालचा फोटो काढा. सगळे भाग वेगळे करून रॉकेलनं धुवा, डिंक अ‍ॅसिटोननं काढा, हवेनं वाटा मोकळ्या करा, गॅस्केट नवे घाला. जो मूळ रंग उरला आहे तो तसाच ठेवा, अर्धवट असला तरी. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या संस्थांची जागतिक संघटना फिवा हिची सनदही हेच सांगते. जे आहे ते टिकवावं, नवं करणं शेवटी. अंगावर कुठंच काही उरलं नसेल आणि पांढरी भुकटी वाढत असेल, तरच नव्यानं पिवळं करून घ्या. तेही प्लेटिंगवाल्याकडून, भाग सुटे करून, जस्त वेगळं, बीड वेगळं. जुन्या डायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक ठरलं आहे. आज त्याऐवजी कमी घातक क्रोमियमचं पिवळं पॅसिव्हेशन मिळतं. त्याचा पिवळा जुन्यापेक्षा थोडा फिका पडतो, ते चालवून घ्या.

एक भीती मात्र खरी आहे, आणि ती रंगाची नाही. 1920 च्या दशकातल्या जस्ताच्या ओतकामात शिसं-कथलाचा अंश राहून जाई. असं जस्त दमट हवेत आतून फुगतं, वाकतं, चिरतं. 1929 च्या सुमारास शुद्ध जस्ताचं मिश्रण आल्यावर ही व्याधी आटोक्यात आली. तुमच्या जीपचं ओतकाम त्यानंतरचं आहे, तेव्हा ती भीती तुम्हाला फारशी नाही. पण तुमच्याकडच्या पावसाळ्यात वाटीत पेट्रोल ठेवून जीप महिनोन्‌महिने उभी करू नका. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी वाटीच्या तळाशी जस्त खात बसतं. जीप उभी करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू द्या.

शेवटचा प्रश्न नंबरचा. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000 रुपये. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही, म्हणजे धानाची पोती मिलवर न्यायला ती चालणार नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. जीप रोज वापरायची असेल तर या वाटेला जाऊ नका. नोंदणीत कार्ब्युरेटरचा रंग कोणी विचारत नाही, पण जुनं आरसी पुस्तक विचारतात. तुमचा भाग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात आणि मग 1960 पर्यंत मुंबई राज्यात होता. आजोबांनी जीप तेव्हा घेतली असेल तर कागदावर महाराष्ट्राचं नावच नसेल. तो कागद चुकीचा समजून कोणी बाजूला टाकला नाही ना, हे पेटीत नीट शोधा.

आणि पट्टी सोडवाल त्या दिवशी तिच्यावरचा आकडा आणि तिच्याखालच्या तिकोनाचा उन्हात काढलेला फोटो मला नक्की पाठवा.